सोड म्हटलं की सोडायचं

लढाई संपली तेव्हा माझा उजवा गुडघाही कामातून गेला होता. पलटणीच्या फुटबॉल संघात मी सेंटर हाफ, मैदानाच्या मधोमध खेळणारा; पुढची-मागची सगळी पळापळ माझ्याच गळ्यात. घरी साताऱ्याला आलो आणि पोरं जमवून शिकवायला लागलो. गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही.

माझ्या जागेवर शोभेल असा एकच गडी सापडला, तोही तालमीतला. सांगलीच्या सामन्याआधी त्याच्या वस्तादांनी मला सुनावलं, "हवालदार, ह्यो गडी म्या कुस्तीसाठी घडिवलाय. सांगलीत जिंकला तर तुमचा. न्हाईतर परत मातीत, मग माझ्या दारात यायचं न्हाई." आणि स्वतः सामना बघायला आले.

कृष्णाकाठच्या त्या मैदानावर माझा जीव टांगणीला लागला. सरावात मी लंगडत का होईना, पोरांबरोबर खेळायचो. रेषेबाहेरून ओरडायची ही पहिलीच वेळ. चेंडू आमच्या गड्याच्या पायात आला, समोरून दोघे धावले. पलटणीतल्या सवयीनं मी ओरडलो, "सोड!" म्हणजे चेंडू पुढच्याला दे. पठ्ठ्यानं दोन्ही हात वर केले आणि चेंडूपासून चक्क बाजूला झाला. त्यांनी चेंडू नेला, गोल केला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मध्यंतरात त्याला फैलावर घेतलं, तर म्हणतो कसा, "तुमीच म्हनला की सोड. मग सोडला."

वस्ताद शेजारीच उभे होते. "माझ्या तालमीत सोड म्हनलं की पकड सोडायचीच," ते म्हणाले. "न्हाईतर एखाद्याची मान जायाची."

आता चिडणार कुणावर? मी म्हटलं, "गड्या, चेंडू पुढं द्यायचा तवा मी 'दे' म्हनीन."

त्या 'दे'वर एक गोल फिटला. पण नुसत्या बरोबरीनं माझं भागणार नव्हतं. ऊन उतरलं, शिट्टी कधीही वाजली असती. एवढ्यात उजवीकडून चेंडू गोलसमोर आला. आमचा गडी झेपावला आणि त्यांचे सगळे जण त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या पाठीमागे आमचा फॉरवर्ड एकटा, मोकळा. गड्याला तो दिसत नव्हता, मला दिसत होता. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "सोड!"

त्याचे हात तत्काळ वर गेले, तो बाजूला झाला. चेंडू तसाच मागे फॉरवर्डकडे गेला आणि तिथून दोन बांबूंच्या मधून पार.

पोरं नाचत होती, मी मात्र वस्तादांकडे बघत होतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून पोसलेला गडी कुणी असा देतं का? मला भीती वाटत होती. त्यांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं, गड्याच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते स्वतःशीच पुटपुटले, "सोड," आणि त्यांनी हात काढला.