वळीतली मधली जागा

"डोळे मिटा, मामा."

मॅडमचं रोज हेच. नांदेडात एका कंप्युटर क्लासात त्या शिकवायच्या, मी झाडू मारायचो अन् कुलूप लावायचो. पोरं गेली की मला खुर्चीत बसवायच्या अन् बोटानं हवेत चौकटी काढायच्या. "मिटले? आता एका वळीत डबे बघा. डब्यात एकेक आकडा. ह्याला अॅरे म्हणतात."

मी बघायचो. डबे दिसायचे, डब्यात पिठलं दिसायचं, मंग काहीच दिसायचं न्हाई. मी घोरायला लागलो की त्या थांबायच्या. रागावल्या कधीच न्हाईत. "मामा, तुम्हाला समजलं तर मला समजलं," एवढंच म्हणायच्या.

मी चौथी नापास. मला समजायची वाट बघणारं माणूस तुमी तरी बघितलंय का कुठं?

पण त्यांची नड खरी होती. हदगावच्या त्या. पुण्याच्या एका कंपनीत मशिनीसाठी सी भाषेत लिहायचं काम होतं. तिथून दोनदा मुलाखत देऊन रिकाम्या हातानं आल्या. लिहिता यायचं, पण "असंच का?" म्हणून विचारलं की जीभ अडायची. ती कंपनी तीनदाच बोलवायची. चौथ्यांदा न्हाई.

एकदा म्हणल्या, "वळीत मधी नवा आकडा घुसवायचाय. जागा कशी करू?"

"तिथल्याला म्हणायचं, सरक पुढं."

"अन् तो बसेल कुठं?"

मला धर्माबादची पंगत आठवली. मेव्हणीचं लग्न. व्याही उशिरा आले, त्यांना मधीच बसवायचं होतं. वाढपी मी. जवळच्याला म्हणलं, "सरका की जरा." ते सरकले ते थेट शेजारच्याच्या पत्रावळीवर. वरणात बसले. माझे सासरे होते.

"मग?" मॅडमनं विचारलं. आता डोळे त्यांनी मिटले होते.

"म्हाताऱ्या आचाऱ्यानं मला हाकललं. शेवटाला एक पाट रिकामा होता. आधी शेवटच्या माणसाला तिथं बसवलं, मंग त्याच्या अलीकडच्याला सरकवलं. असं करत करत मधी जागा झाली. सासरे अजून माझ्या हातचं वाढून घेत न्हाईत."

मॅडमनं डोळे उघडले. टेबलावर उन्हाची पट्टी पडली होती, तिच्याकडं अशा बघून राहिल्या जशी तिथं पंगतच बसलीय. मंग पुटपुटल्या, "मधल्यापासून सरकवलं तर शेजारचा आकडा पुसला जातो. म्हणून शेवटून." अन् हसल्या. "मामा, इतके दिवस नुसतं पाठ होतं. आज दिसलं."

तिसऱ्या मुलाखतीत साहेबांना त्यांनी म्हणे पंगतच सांगितली. सासऱ्यासकट. माझी इज्जत पुण्यातबी गेली, अन् मॅडमला नोकरी लागली.

जायच्या दिवशी सकाळी मी बॅग घेऊन टेशनात गेलो. खिडकीतून म्हणल्या, "मामा, तिथं मी कुणाला सांगू आता?"

मनात लई होतं. तोंडातून आलं, "पाण्याची बाटली घेतली का?"

गाडी हालली. मी हात हालवत राहिलो. डोळ्यांना धड दिसंना, समोर नुसतं काहीतरी लांबलचक पळून राहिलं होतं. पुसून बघितलं तर मॅडमची गाडी कवाच गेलेली. पलीकडच्या रुळावरून मालगाडी चालली होती, अन् तिचा गार्ड बिचारा मला हात करून राहिला होता.