कोमट दुधात बुडालेली नळी

आमच्या म्हशीबद्दल मी गावभर जे सांगत आलोय, त्यातलं निम्मं जरी खरं असतं तरी पंचगंगेला दुधाचा पूर आला असता. तिची साय कापायला विळी लागते, तिच्या दुधात चमचा उभा राहतो, एकदा मांजर पातेल्यातल्या सायीवरून चालत पलीकडे गेलं आणि त्याचे पाय कोरडे राहिले. कोडोलीच्या बाजारापर्यंत लोक हे ऐकून हसायचे. मला बरं वाटायचं.

धार मात्र आई काढायची. मग घरातली चार कामं उरकून, किटली घेऊन डेअरीपर्यंत चालत जायची. त्या सकाळी मला शहरात जायची घाई होती. धार संपल्या संपल्या मी तिला मोटरसायकलवर मागं बसवलं, किटली तिच्या मांडीवर. रस्ता असा, की आम्ही जमिनीवर कमी आणि हवेत जास्त होतो.

डेअरीत लाईट नव्हती, दूध तपासायचं यंत्र बंद. सचिवानं कपाटातलं जुनं लॅक्टोमीटर काढलं. तळाशी वजन आणि वर आकडे असलेली काचेची नळी. चांगल्या दुधात ती वर तरंगते, पाणी घातलेल्या दुधात खाली जाते. आमच्या दुधात ती गळ्यापर्यंत बुडाली.

"काकू, पाणी हाय ह्यात," सचिव म्हणाला. मागं रांग उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

मी पुढं झालो. "धार काढताना मी हुतो की तितं. थेंबभर पाणी न्हाय."

"व्हय, आन् सायीवरनं चाललेलं मांजरबी तूच बघितलंस," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

रांग हसली. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच जसं होतं तसं सांगत होतो, आणि आईला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सासरी आल्यापासून तिनं घातलेल्या दुधावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "रोज दूध चालत येतंय," ती सचिवाला म्हणाली. "आज गाडीवरनं आलंय. आजून ऊन हाय, फेस बसला न्हाय. किटली हौदात ठेवा. निवू द्या, मग मोजा."

आम्ही हौदाशी उभे राहिलो. रांग सरत गेली. ऊन दूध जरा फुगलेलं असतं, त्यात धारेची आणि खड्ड्यांची हवा मिसळलेली, म्हणून ते हलकं. हलक्या दुधात नळी खोल जाते. दूध पाण्यानं हलकं झालं की उबेनं, हे नळीला कळत नाही. दूध गार झालं, फेस विरला. सचिवानं पुन्हा नळी सोडली. ती वर राहिली, रोजच्यासारखी.

"बरोबर हाय, काकू. चुकलं माजं," तो म्हणाला. ऐकायला आम्ही दोघंच उरलो होतो.

"सकाळी रांग हुती," आई म्हणाली. "सांजच्या रांगंत सांगा."

संध्याकाळी ती चालत गेली. मी किटली धरून मागं. रांग भरल्यावर सचिवानं सगळ्यांसमोर सांगितलं, की सकाळचं दूध चोख होतं, तपासताना आपली चूक झाली. कोणी हसलं नाही. मला राहवेना, त्यात माझी भर घालायला मी तोंड उघडलं.

"तू गप," आई म्हणाली, आणि किटली माझ्या हातातून घेऊन पुढं सरकली.