तुळशीजवळचा अर्थ

लालबागच्या आमच्या चाळीत 'अर्थ' म्हणजे जमिनीला जोडलेली विजेची तार. "अर्थ आहे का बघ," असं कोणी म्हणालं की प्लगच्या तिसऱ्या भोकाकडे बघायचं असतं. मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, 'पुढील ओळींचा अर्थ लिहा' असे हजारो प्रश्न काढले; पण अर्थ तुटतो आणि त्याला रोज पाणी घालावं लागतं, हे मला निवृत्तीनंतर शेजारच्या अंबिका परबांकडून कळलं.

अंबिकाबाई चौसष्ट वर्षांच्या. उंची इतकी बेताची की खालून पाहिलं तर गॅलरीच्या कठड्यावर त्यांचं फक्त कपाळ दिसतं. आवाज मात्र असा, की पहिल्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याशी न ओरडता बोलतात. तो त्यांनी नोकरीत कमावला. एकविसाव्या वर्षी त्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा, हातात दोऱ्या. मुंबईचा माणूस रत्नागिरीला जोडून द्यायचा आणि मुलगा झाला, म्हातारी गेली, पोरगा नापास झाला, या सगळ्या बातम्या पलीकडे पोचू द्यायच्या. वेळ भरली की मध्येच हळू आवाजात सांगायचं, "तीन मिनिटं झाली."

पुढे फोन थेट लागायला लागले आणि फळा गेला. अंबिकाबाईंना तक्रार विभागात बसवलं. "तिथे माणसं माझ्याशी बोलायची, एकमेकांशी नाही," त्या मला एकदा म्हणाल्या. "मजा गेली, बाई."

गेलेली मजा परत आणायला त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी हौशी रेडिओची, म्हणजे घरून बिनतारी बोलायच्या परवान्याची, परीक्षा दिली. सरकारी परवाना देवघराशेजारी फ्रेम करून लावला. गच्चीवर दोन बांबूंमध्ये तारेची अँटेना ताणली. ती कपडे वाळत घालायची दोरी समजून एकदा कोणीतरी तिच्यावर चादर टाकली होती. दर रविवारी सकाळी आठला अंबिकाबाई रेडिओ लावतात आणि किनाऱ्यावरच्या बावीस हौशी मंडळींची हजेरी घेतात. अलिबाग, श्रीवर्धन, गुहागर, मालवण, वेंगुर्ला. एकेकाने नाव सांगायचं, आवाज कसा येतोय ते सांगायचं, समुद्र कसा आहे ते सांगायचं. वादळात मोबाइल बंद पडले तर कोण कुठे आहे हे ठाऊक असावं, म्हणून ही सवय. कोणी लांबण लावली की अंबिकाबाई मध्ये येतात, "तीन मिनिटं झाली."

त्यांचे यजमान रघुदा परळच्या एका रुग्णालयात वायरमन होते. रेडिओचं अर्थिंग त्यांच्या हातचं. रेडिओच्या पाठीपासून निघालेली तांब्याची जाड तार गॅलरीतल्या नळाच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्पने आवळलेली. जुन्या चाळीत सगळे असंच करत. पाइप जमिनीत जातो, म्हणजे अर्थही जमिनीत जातो. दर दिवाळीला रघुदा त्या क्लॅम्पला चंदेरी रंग देत. पाहुण्यांना दाखवत.

गेल्या जानेवारीत चाळीच्या भजन मंडळाने नवे स्पीकर घेतले. फेब्रुवारीत डबल बारी होती. डबल बारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने भजनं म्हणतात आणि भजनातूनच एकमेकांना असे चिमटे काढतात की वर्षभर पुरावेत. आमचे बुवा धनेश घाडी. परबांच्या समोरच्या खोलीत राहतात, चाळीचे सेक्रेटरीही तेच. रविवारी सकाळी अंगणात नव्या स्पीकरवर तालीम सुरू झाली. धनेशने डोळे मिटून लांब आलाप घेतला, आणि स्पीकरमधून एक बदक बोललं.

धनेशने डोळे उघडले. "कोण रे तो?"

पखवाजवाल्याने हात वर केले. पुन्हा आलाप, पुन्हा बदक. रेडिओवर आवाज अशा रीतीने गुंडाळून पाठवतात की दुसऱ्या रेडिओशिवाय तो नीट उलगडत नाही. तो भलत्याच यंत्रात शिरला तर त्याचं बदक होतं. हे मला नंतर समजलं. पण मुलांचं पाठांतर ऐकण्यात माझा जन्म गेलेला. तिसऱ्या वेळी बदक जे बोललं त्याची लय ओळखीची होती. तीन मिनिटं झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्या तर अंबिकाबाई."

माझं तोंड बंद राहिलं असतं तर बरं झालं असतं. धनेश तडक जिना चढला, मागोमाग मी.

"वयनी, बारीत माझ्यासमोर कुडाळचो बुवा बसतलो. त्याच्या हातात मी बदक देव?"

"चुकलं, भावजी. तालमीच्या वेळी मी बंद ठेवते."

"तालीम रोज सकाळ-संध्याकाळ. आणि तुमची हजेरी आठची." धनेशने आवाज जरा उतरवला. "हे बघा, पुढच्या रविवारी आठ वाजता शेवटची तालीम. तुम्ही तुमचा चालवा, मी माझा. बदक बोलला तर अँटेना उतरवायची. हे सेक्रेटरी म्हणून सांगतोय. भावजी म्हणून माका वाईट वाटतासा."

अंबिकाबाईंनी मान हलवली. धनेश गेल्यावर त्या बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसल्या. "एकदा फळा गेला, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ह्या वेळी आठ दिवस तरी दिलेत."

रघुदांचं मत ठरलेलं होतं. "त्यांच्या स्पीकरमध्ये खोट आहे. माझं अर्थिंग पक्कं."

"तक्रार आली की आधी आपलं टोक तपासायचं," अंबिकाबाई म्हणाल्या. ही तक्रार विभागातली शिकवण. त्यांनी वही काढून पहिली ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचली. "माइक ओठाला चावतो, बारीक झटका देतो. दोन वर्षांपासून."

"ओठ फुटलेत तुझे. तूप लाव म्हटलं होतं."

"चावतो तर मे महिन्यातही. तेव्हा फुटतात ओठ?"

अंबिकाबाई रेडिओच्या पाठीपासून तारेवर बोट ठेवून निघाल्या. खिडकी, गॅलरी, नळ. क्लॅम्पपाशी थांबून त्यांनी सुरीने चंदेरी रंग खरवडायला सुरुवात केली. रघुदांनी दुसरीकडे पाहिलं. मग त्या पाइपाबरोबर खाली बघायला स्टुलावर चढल्या आणि कठड्यावरून वाकल्या. मी त्यांचा पदर धरून ठेवला.

"अहो, हा खालचा पाइप प्लास्टिकचा कधी झाला?"

मलाच आठवलं. दोन वर्षांपूर्वी चाळीच्या सभेत लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे बसवावेत म्हणून एका माणसाने पाऊण तास भाषण केलं होतं. लोखंड गंजतं, प्लास्टिकला मरण नाही. तो माणूस पुढे चार दिवस प्लंबरच्या डोक्याशी उभा होता. वरच्या नळाजवळचा दोन फूट लोखंडी तुकडा मात्र त्याने तसाच ठेवायला लावला, कारण त्याच्यावर त्याचा क्लॅम्प होता.

"म्हणजे दोन वर्षं माझा अर्थ हवेत लटकतोय," अंबिकाबाई म्हणाल्या, आणि हसू आवरेना म्हणून स्टुलावरच बसल्या.

"बाई," रघुदा मला म्हणाले, "धनेशला सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण खालच्या नळावर धनेशची बायको सीमा कळशी भरत होती. दुपारपर्यंत तळमजला ते तिसरा मजला सगळे रघुदांना विचारत होते, "काय रघुदा, अर्थ लागला का?"

नवा अर्थ घालायचा तर जमीन हवी, आणि आमच्या अंगणात सगळीकडे लाद्या. उघडी माती फक्त तुळशीवृंदावनाभोवतीच्या वाफ्यात. ती तुळस सीमाच्या ताब्यात. सुतक असलेल्या माणसाची सावलीही ती तिच्यावर पडू देत नाही. अंबिकाबाई आणि रघुदा तिच्याकडे गेले. रघुदांनी पद्धत सांगितली. सहा फुटी तांब्याची सळी, भोवती कोळसा, त्यावर खडे मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.

"मीठ?" सीमा म्हणाली. "तुळशीच्या मुळात मीठ घालतलास?"

"तशीच रीत आहे गो. मिठाशिवाय अर्थ धरत नाही."

"मग धरूचा नाय. माझी तुळस आधी."

रघुदा उठायला लागले. अंबिकाबाई बसूनच राहिल्या. "अहो, मीठ कशासाठी असतं?"

"ओल धरायला. माती सुकली की अर्थ कमजोर होतो."

"सीमा, तू तुळशीला पाणी कधी चुकवलंस?"

"लग्न होऊन आले त्या दिवसापासून नाय. आजारी असले तर ह्यांका घालूक लावते."

"मग मीठ नको," अंबिकाबाई म्हणाल्या. "आमच्या अर्थाची ओल तू."

सीमा म्हणाली, "कोळसो चलात. पण मुळापासून दोन हात लांब."

गुरुवारी सकाळी खड्डा झाला. रघुदा अडुसष्ट वर्षांचे. घण मारताना सळी एकदा डावीकडे जाई, एकदा उजवीकडे. धनेश कामावर निघाला होता. तो थांबला, बघत राहिला, आणि शेवटी डबा कट्ट्यावर ठेवून त्याने बाह्या दुमडल्या. "बाजूक हो, रघुदा. ताल चुकतासा तुझो." त्याने घण घेतला आणि तोंडाने भजनी ठेका धरला. पखवाजवाला वरून टाळ घेऊन धावत आला. सळी सरळ आत गेली.

सळीपासून वर रेडिओपर्यंत तांब्याची रुंद पट्टी जवळच्या वाटेने नेली, आणि घराच्या मीटरचा अर्थही तिलाच जोडला. एका घरात दोन अर्थ असले की ते भांडतात, असं रघुदांनी मला समजावलं. संध्याकाळी अंबिकाबाईंनी रेडिओ लावला, माइकला ओठ टेकवले आणि बोलल्या. "चावत नाही," त्यांनी रघुदांना सांगितलं. एवढंच. रघुदांनी तुपाची वाटी आत नेऊन ठेवली.

पण धनेशच्या माइकच्या वायरी लांबलचक. लांब वायर स्वतःच अँटेनासारखी आवाज ओढते. अंबिकाबाई लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांतून काळ्या, जड कड्यांची पिशवी घेऊन आल्या. ह्या कड्यांतून वायरीचे सात-आठ वेढे काढले की गाणं पुढे जातं आणि रेडिओची लाट मागे अडते. शनिवारी अंगणात बसून त्यांनी प्रत्येक माइकच्या, प्रत्येक स्पीकरच्या वायरीला कडी चढवली.

"चुडो भरलात की, वयनी," धनेश म्हणाला. "आता ओटी भरूची रवली."

रविवारी पावणेआठला सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी होती. मी अंबिकाबाईंच्या खोलीत, दाराशी. त्यांनी केस नीट बांधले होते, एक्स्चेंजला जात तसे. हेडफोन चढवला. बरोबर आठला अलिबागला साद घातली.

खाली धनेश गायला बसला नाही. माइकसमोर मांडी घालून स्पीकरकडे बघत राहिला. मंडळही बघत राहिलं. दोन मिनिटं गेली, पाच गेली. स्पीकर चालू होता, पण त्यातून काहीच येत नव्हतं. शेवटी धनेशला ती शांतता सोसेना. "वयनी, सुरू केलास की नाय?" त्याने माइकवरूनच विचारलं.

मी गॅलरीत जाऊन बोटांनी सांगितलं. सात. त्यांची सातवी हजेरी चालू होती.

धनेशने स्पीकरला हात जोडले, डोळे मिटले आणि आलाप घेतला. तो लांबवला, अजून लांबवला. पलीकडे काही बोललं नाही. मग टाळ पडले, पखवाज उठला, आणि सगळ्या गॅलऱ्या गजरात सामील झाल्या.

इकडे अंबिकाबाई वेंगुर्ल्यावर आल्या होत्या. तिकडचे गृहस्थ नाव सांगायचं सोडून म्हणाले, "मुंबई, तुमच्या मागे बुवा कोण? आवाज अगदी स्वच्छ येतोय."

अंबिकाबाई चपापल्या. हौशी रेडिओवरून गाणं पाठवायला परवानगी नाही. बदक मेलं होतं, पण भजन सरळ खिडकीतून आत येऊन माइकवरून वेंगुर्ल्याला पोचलं होतं. त्यांनी हेडफोन न काढता हात लांब करून खिडकी लावली. "माफ करा, वेंगुर्ला. खिडकी लावलीय. नियमात बसत नाही. हजेरी द्या."

"खिडकी का लावली हो?" वेंगुर्ल्याने विचारलं.

आणि खालून, आता स्वच्छ झालेल्या स्पीकरवरून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं धनेशने विचारलं, "वयनी, खिडकी कित्याक लावलात?"

अंबिकाबाईंनी वहीत वेंगुर्ल्यापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्याला बोलावलं. पेन धरलेला हात हसण्याने हलत होता. अँटेनाचा विषय त्यानंतर सभेत निघाला नाही. बारीत कुडाळच्या बुवांना चिमटे काढायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं.

सीमा अजून रोज सकाळी आंघोळ करून अंगणात येते. पूर्वी एक तांब्या आणायची, आता दोन आणते. पहिला बुंध्याशी ओतते, मग दोन हात सरकून दुसरा. परवा नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी तिला विचारलं, तिथे तर काही लावलेलं दिसत नाही, मग पाणी कशाला.

"तुळशीक एक," सीमाने सांगितलं, "अर्थाक एक."