न्हाणीतली शीळ

परसातल्या न्हाणीच्या पत्र्याच्या दारामागून रोज सकाळी ती शीळ यायची. बारीक, ओलसर, एकाच सुरावर रेंगाळणारी. मध्येच तुटायची, मग दम धरून पुन्हा उठायची. चहाचं आधण ठेवून मी आलं ठेचत असे. हात थांबवून ऐकत राही. सासरे शीळ घालत होते. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर माणसांपेक्षा बैलांशीच अधिक बोललेला हा गृहस्थ दिवसाची सुरुवात इतकी सुरेल करतो, याचं मला अतोनात कौतुक वाटलं.

कौतुकापाशी थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी पडले कवयित्री. मी त्यावर कविता केली.

त्या कवितेत वार्धक्याच्या खोडाला पालवी फुटली होती, कंठातलं पाखरू जागं झालं होतं, आणि पत्र्याच्या भोकांतून येणारा कोवळा उजेड त्या सुरांवर ठिबकत होता. अंबाजोगाईच्या एका काव्यमैफलीत मी ती वाचली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदराने डोळे टिपले. एका ज्येष्ठ रसिकांनी तिला 'जगण्याच्या उत्सवाचं गाणं' म्हटलं. मी नम्रतेने मान लववली. ती लववलेली मान आठवली की आजही मला माझ्याच मानेवर एक चापट मारावीशी वाटते.

कारण त्याच वर्षात सासऱ्यांना तीनदा उन्हाळी लागली होती. लघवीला आग होणं, वरचेवर जावं लागणं, अंगात कणकण, या साऱ्याला आमच्या युसूफ वडगावात उन्हाळी म्हणतात. दोष उन्हाचा. पौषातल्या थंडीत लागली तरी उन्हाचाच. तेव्हा ते ऊन आदल्या वैशाखातलं अंगात मुरलेलं असतं. मी मराठीची प्राध्यापिका. पण या तर्कावर मलाही शंका घ्यावीशी वाटली नाही. मी धने-जिरे भिजवून पाणी गाळलं, सब्जा घातला, गोखरूचा काढा उकळला. काढ्याच्या तुरट वाफेवर दोन ओळी सुचल्या, त्याही टिपून ठेवल्या.

गावातल्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. प्रत्येक वेळी सासऱ्यांनी त्या दोन दिवस घेतल्या.

"मामा, गोळ्या संपल्या का?" मी एकदा विचारलं.

"आग व्हायली होती, ती थांबली. मंग कावून खायच्या?"

"मग उरलेल्या कुठं आहेत?"

"शेजारच्या पाव्हण्याला दिल्या. त्याला बी आग व्हायली होती बिचाऱ्याला."

ही उदारता मी हसून नवऱ्याला सांगितली. तोही हसला. तो पहाटेच शेतावर जातो, दिवस मावळता परततो. घरातले आवाज आणि वास हा विभाग माझ्याकडे असतो.

वासाचं तर सांगायलाच नको. रस्त्यापलीकडे बुचाचं एक फूल गळलं तरी मला कळतं, असा माझा लौकिक. तो अर्थात मीच पसरवलेला. त्या वर्षी सासऱ्यांच्या धोतराला, अंथरुणाला एक आंबूस, तळात बसलेला वास येऊ लागला, भिजलेला कडबा कुजावा तसा. मी निष्कर्ष काढला की न्हाणीची मोरी तुंबली आहे. गवंडी बोलावला, मोरी फोडली, नवी बसवली. मोरी निर्दोष होती. वास तसाच राहिला. मी ऊद घालू लागले.

चौथ्या खेपेला सासरे थंडीने इतके हुडहुडले की बाजेचे पाय वाजू लागले. अंग तापून चुलीच्या दगडासारखं झालं. डोळे मिटून ते कधीच विकून टाकलेल्या बैलांना पाण्यावर बोलावू लागले. तेव्हा मात्र आम्ही गाडी करून त्यांना अंबाजोगाईला मूत्ररोगाच्या डॉक्टरांकडे नेलं.

सलाइनने ताप उतरल्यावर डॉक्टर विचारपूस करू लागले. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे. पण बोलणं सरळ, आडपडदा नसलेलं.

"आजोबा, लघवीला सुरुवात व्हायला वेळ लागतो का?"

"न्हाई."

"धार बारीक झाली आहे? थांबून थांबून होते?"

"काय न्हाई वो. उन्हाळी हाय नुसती."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या काही लक्षात आलं?"

लय, यती, खंड यांवर तासन्‌तास बोलणारी मी. धारेच्या लयीविषयी विचारताच माझी जीभ टाळ्याला चिकटली. "त्यांचे ते... देहधर्म..." इथवर येऊन मी अडले. मग सासऱ्यांची बाजू सावरावी म्हणून मी म्हणाले, "त्रास असा वाटत नाही. उलट सकाळी ते मोठ्या आनंदात असतात. न्हाणीत अर्धा-अर्धा तास शीळ घालत असतात."

सासऱ्यांनी नजर फरशीवर टेकवली. नवरा खुर्चीत पुढे झाला.

"दादा," तो वडिलांना म्हणाला, "बैलाला घालत्यात तशी?"

सासऱ्यांनी खालच्या मानेनेच होकार दिला.

"अहो डॉक्टर, औतावरनं सुटलेला बैल मुतावा म्हणून आमच्याकडं शेजारी हुबं राहून शीळ घालत्यात. शीळ ऐकली की बैल मोकळा होतो." मग माझ्याकडे वळून, "आणि तू? अर्धा तास ऐकत होतीस रोज? मला कावून सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं," मी म्हणाले, "गाणं आहे."

डॉक्टरांनी सभ्यपणे कागदात डोकं घातलं. सोनोग्राफी झाली. प्रोस्टेटची गाठ वाढून तिने वाट आवळली होती. लघवी करून आल्यावरही मूत्राशय निम्मं भरलेलंच राहत होतं. "साचलेल्या पाण्यात जंतू होणारच," डॉक्टर म्हणाले. "अर्धवट गोळ्यांनी ते मरत नाहीत, चिवट होतात. आता मूत्रपिंडांवरही सूज आली आहे." मग त्यांनी पुढचं सांगितलं. दोन आठवडे लघवीसाठी नळी, जंतूंचं औषध पूर्ण मुदतीचं, गाठ सैल पडण्याच्या गोळ्या. त्यानंतर नळी काढून पाहायचं. स्वतःहून लघवी झाली, तर गोळ्यांवर निभावेल. नाही झाली, तर ऑपरेशन. आणि सासऱ्यांचं हृदय अशक्त असल्याने ऑपरेशनचं नाव डॉक्टर आनंदाने घेणार नव्हते.

ते दोन आठवडे सासऱ्यांनी नळीला जोडलेली लघवीची पिशवी बाजाराच्या कापडी थैलीत घालून वागवली. ओट्यावर कोणी आलं की थैली अशी मांडीशी घेत, जणू आत वांगी आहेत. गोळी त्यांनी गिळली याची खात्री होईपर्यंत मी समोरून हलत नसे.

"गिळली बया, गिळली. तोंड उघडून दावू का?"

"दाखवा."

एकदा गोळी गिळून पाण्याचा तांब्या खाली ठेवत ते म्हणाले, "मास्तरीणबाई, त्यो सांगत होता, तुमी माझ्यावर गाणं केलंय म्हणं."

मी नवऱ्याला मनातल्या मनात वेचक शब्दांनी पूजलं. "केलं होतं, मामा."

"लोकास्नी आवडलं का?"

"लई आवडलं."

त्यांनी थैली मांडीशी नीट सरकवली. "हितं जीव जायचा," ते म्हणाले, "आन् लोक टाळ्या वाजवायले व्हते." मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. माझा अंदाज याही बाबतीत चुकला, याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला.

नळी काढली त्या सकाळी आम्हाला वॉर्डातली बारा नंबरची खाट मिळाली. सिस्टरने संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. पाणी पाजत राहायचं, वाट पाहायची. नाही झाली तर नळी पुन्हा आत आणि ऑपरेशनचं बोलणं. दर थोड्या वेळाने ती दारातून ओरडे, "बारा नंबर, झाली का?" शेजारच्या खाटेवरचे पाहुणेही आस्थेने विचारू लागले. झाली का? अवघा वॉर्ड एका म्हाताऱ्याच्या लघवीपाशी खोळंबला होता.

दुपारी ते दोनदा जाऊन कोरडेच परतले. ओटीपोट फुगलं होतं. कपाळावर घाम होता. तिसऱ्यांदा उठले, तेव्हा नवरा औषधं आणायला खाली गेलेला. मीच हाताला धरून त्यांना संडासापर्यंत नेलं. दार लागलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. फिनेलचा उग्र दर्प, कुठेतरी ढकलगाडीचं कुरकुरणारं चाक. आत काहीच नाही. एकही उपमा सुचली नाही. डोक्यात होती ती फक्त लघवी. तो शब्द मी आता बिनदिक्कत, पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते, देवाचं नाव घ्यावं तसा.

किती वेळ गेला कोण जाणे. कडी वाजली. दार अर्धवट उघडलं. धोतराचा सोगा सावरत, भिंतीचा आधार घेत सासरे उंबऱ्यावर उभे राहिले आणि थेट माझ्याकडे पाहत म्हणाले,

"झाली."