दारामागची बॅटरी

लोक विचारतात, बॅटरीवर संशोधन म्हणजे तू नक्की करतेस काय? खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं मी बॅटरीला हातही लावत नाही. सुरुवातीला मुलुंडच्या प्रयोगशाळेतून नखांत काळी पूड घेऊन घाटकोपरच्या घरी जायचे, आणि आई आधी मोरीत उभं करायची. मग साहेबांनी मला डिजिटल विभागात टाकलं. तिथे प्रत्येक खऱ्या बॅटरीची संगणकात एक जुळी असते. खरी स्कूटरवर फिरते, तिचे आकडे आमच्याकडे येतात, आणि जुळी सांगते, खरीचं आयुष्य किती उरलंय ते. आकडे जुळले नाहीत तर जुळी स्वतःला सुधारून घेते. या सुधारण्याचं मला कोण कौतुक! भाषणं ठोकायचे त्याच्यावर.

चाचणीसाठी स्कूटरवाले हवे होते. माझा मोठा भाऊ घाटकोपरला पार्सलं पोचवतो, आई त्याच्याकडेच असते. म्हटलं, "दादा, फुकटात बॅटरी मिळतेय, घे की." वहिनी कुरकुरली. घर एका खोलीचं, चार्जिंगची जागा दारामागे, आणि दार एकच. "पेटलीबिटली तर?" मी फाडकन बोलले, "अगं, मी बसलेय ना तिथे बघत!" मी तशी तिरसटच. वहिनीने दारामागे जागा करून दिली.

दसऱ्याला त्यांच्याकडे जेवायला गेले. दादाने स्कूटर धुतली, बॅटरी काढून वर आणली आणि पाटावर ठेवली. वहिनी हळदकुंकू घेऊन बसली. बॅटरीवर महिनाभराची धूळ. तिने विचारलं, ओलं फडकं चालेल का? "बिनधास्त पूस, पाणी आत जात नाही," मी श्रीखंड चाटत म्हणाले. बॅटरीच्या अंगाला तापमान मोजणारी एक बारीक वायर टेपने चिकटवलेली होती; तिचा आकडा चढला की चार्जिंग आपोआप मंदावायचं. फडक्याने टेप सुटली. वहिनीने वायर नीट गुंडाळली, उचलायच्या मुठीला बांधून टाकली आणि वर झेंडूचा हार घातला. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. त्यात ती वायर चांगली दिसते. साहेबांनी जोडलेले हात पाठवले.

दुसऱ्या दिवसापासून दादाची बॅटरी भलतीच शहाण्यासारखी वागायला लागली. चार्जिंगला लावली तरी तापेना. जुळीने दोन दिवस का-कू केलं आणि मग स्वतःला सुधारून घेतलं: बॅटरी उत्तम, आयुष्य वाढलं. आलेख साहेबांना दाखवला. "झकास," ते म्हणाले. मला मात्र ते पटेना. या धंद्यात एवढी वर्षं काढल्यावर माणूस तक्रार न करणाऱ्या बॅटरीला घाबरतो. पण झकास ऐकायला कोणाला आवडत नाही?

पाचव्या दिवशी डबा खाताना तो आलेख परत उघडला. दादा बाराला घरी येतो, बॅटरी चार्जिंगला लावतो, पाचला पुन्हा निघतो. या मधल्या वेळात रोज दीडच्या सुमाराला तापमान थोडं उतरत होतं आणि चारला चढत होतं. चार्जिंग चालू असताना बॅटरी मध्येच गार कशाला होईल? मग आठवलं, दीडला आई पंखा फुल करून आडवी होते. चारला चहा टाकायला उठते, तेव्हा पंखा बंद करते. डबा बाजूला सारला. मी बॅटरी बघतच नव्हते. मुठीला बांधलेल्या त्या वायरीतून पाच दिवस मी त्या खोलीची हवा बघत होते. बॅटरी किती तापतेय ते कोणालाच माहीत नव्हतं.

दोन वाजले होते.

दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. जेवून दोघं झोपलेली असणार. वहिनी कामावर. शेजारच्यांचा एकही नंबर माझ्याकडे नाही, आणि मोबाइलवर मात्र दर पंधरा सेकंदांनी बॅटरीचा नवा आकडा येतोय, छान गार. रिक्षात बसले. भांडुपला रस्ता खणून ठेवलेला. "अहो भाऊ, घुसवा ना कुठूनतरी!" मी रिक्षावाल्यावर ओरडत होते. एवढी घाबरलेली मी आयुष्यात कधी नव्हते. "उचल रे दादा. मेल्या, उचल ना."

तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार बडवलं. दादा डोळे चोळत आला. आत नेलपॉलिशसारखा गोडसर वास होता. दारामागे बॅटरीची एक बाजू टम्म फुगलेली. मी प्लग खेचला आणि ओरडले, "आईला घेऊन बाहेर हो! बॅटरीला हात लावू नकोस!" ऐकतोय कुठला! त्याने बॅटरी गोधडीत गुंडाळली आणि जिना उतरायला लागला. मी आईला धरून मागोमाग. गेटजवळ बांधकामाची वाळू पडली होती, त्याने बॅटरी तिच्यावर टाकली आणि तो मागे सरला. आधी पांढरा धूर, मग फट्‌ फट्‌ आवाज, मग माणसाच्या उंचीच्या ज्वाळा. दादाच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. तो नुसताच वर आपल्या खिडकीकडे बघत राहिला.

मी आईचा हात सोडला नव्हता. "मला कळलंच नाही गं आई, चूक झाली माझी," एवढंच परत परत म्हणत होते. आई अजून मालवणीतच बोलते. तिने माझ्याकडे पाहिलं, आवाजात राग नव्हता.

"चार दिस झाले गो. केर काढताना थंय दारामागे पायाक चटको लागता. तुका फोन करूचो होतो. मग म्हटलंय, कित्याक? तुका थंयसून सगळा दिसता."