हात उघडेपर्यंत

“हाथ बंद नक्को होने दो, अम्मा. एक बार बंद हुआ तो फिर खुलताच नहीं.”

सर्जनसाहेब मला सांगत होते आणि मी आपली वेड्यासारखी मान हलवत होते. आमच्या यांच्या उजव्या हाताची पट्टी पहिल्यांदाच माझ्यासमोर सोडली होती. तळवा आणि बोटांची आतली बाजू डीप बर्न झाली आहे, असं ते म्हणाले. म्हणजे नुसती वरची साल गेलेली नाही, कातडी खोलवर जळली आहे. अशी जखम भरताना आखडते आणि बोटं आत ओढून घेते. त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. हात मुठीसारखा मिटतो आणि तसाच राहतो.

हे सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उजवा हात मिटला तर पुढे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

झालं कसं ते सांगते. तुमच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी काम करत असेल तर नीट वाचा.

तेव्हा हैदराबाद राज्याची वाटणी चालली होती. माणसं वाटली जात होती, तसं प्रयोगशाळेतलं सामानही. काही औरंगाबादला, काही गुलबर्ग्याला, उरलेलं इथं हैदराबादेत. काल एका डब्यातलं खाणारी माणसं आज एकमेकांकडे चोरासारखं बघत होती. म्हणून असं ठरलं की जी पेटी भरायची, तिला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याच खोलीत लाखेचं सील मारायचं. मागाहून कुणी म्हणायला नको की आमची चीज काढून घेतली.

हे मोठ्या डब्यातलं इथर बाटल्यांत भरत होते. इथर दिसायला पाण्यासारखं, वासाला गोडसर, पण उघडं राहिलं की भराभरा उडतं आणि त्याची वाफ पेटायला एवढीशी ज्योत पुरते. यांनी आपल्या बाजूचे सगळे बर्नर विझवले होते. पण त्याच लांबलचक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कारकूनबाबू स्पिरिटच्या दिव्यावर लाख वितळवत बसले होते! पेट्यांवर डकवायच्या चिठ्ठ्या उडतात म्हणून खिडक्याही लावलेल्या. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, टेबलावरून सरपटते. ती सरपटत दिव्याशी गेली आणि तिथून आग उलटी यांच्या हातातल्या बाटलीवर आली.

शेजारी डबा उघडा होता. तो पेटला असता तर खोलीतलं कुणी वाचलं नसतं, म्हणून हे पेटती बाटली हातात धरून दाराबाहेर गेले. जळतं इथर तळव्यावरून ओघळत होतं. लोक त्याचं अजून कौतुक करतात. मला मात्र इतका राग आला होता की विचारू नका. माणसं वाचली हे खरंच, पण हात आमचा गेला ना!

त्यावर तिथल्या शहाण्यांनी काय करावं? टेबलावरची निळ्या शाईची दौत यांच्या हातावर उपडी केली. भाजलं की शाई लावायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पाण्याचा नळ तिथेच, समोर. शाईखाली किती जळलंय ते डॉक्टरांना दिसेना, म्हणून सगळी पुसून काढावी लागली. यांचं ओरडणं मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून ऐकलं. तेव्हापासून सांगत सुटले आहे, भाजलं की साधं गार पाणी, बराच वेळ. शाई नको, तूप नको, काही नको.

मग स्किन ग्राफ्ट केलं. मांडीची पातळ कातडी काढून तळव्यावर बसवतात. ती धरेल की नाही याची वाट बघणं फार वाईट. भेटायला आमच्या नारायणगुड्याची सगळी आळी यायची आणि एकच विचारायची, “मग काय, औरंगाबादला जाणार की इथंच राहणार?” अरे बाबांनो, आधी हाताचं बघू द्या!

कातडी धरली. घरी आल्यावर बोटं सरळ राहावीत म्हणून स्प्लिंट, म्हणजे लाकडी फळी बांधून ठेवायची. दिवसातून अनेकदा ती सोडून एकेक बोट धरून उघडायचं. हे काम माझं. यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणायच्या, “राहू दे गं आजच्या दिवस.” एकदा हे माझ्यावर खेकसले, “माणूस आहेस की कसाई?”

“हौ, कसाईच आहे,” मी म्हणाले आणि करंगळी धरली. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना एवढंच सांगते, दयेपोटी एक दिवस सोडला की दुसऱ्या दिवशी बोट कालच्यापेक्षा जास्त आखडलेलं असतं.

नवी कातडी पक्की झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता काहीतरी मऊ, कोमट दाबायला द्या. मी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, कोमट पाणी घातलं आणि परात यांच्यासमोर सरकवली. सासूबाई हबकल्याच. “अगं, पुरुषमाणसाला पीठ मळायला लावतेस?”

“आई, प्रयोगशाळेत कालवाकालवीशिवाय मी दुसरं काय करतो?” हे म्हणाले. त्या दुखण्यात पहिल्यांदाच मी यांना हसताना पाहिलं.

पुढे रोजचंच झालं. पीठ हे मळायचे, भाकरी मी करायची. डॉक्टर हात बघून नुसतं “हूं” म्हणायचे. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण त्या “हूं”चा अर्थ मला कधी लागला नाही.

एका सकाळी मी मागे कपडे वाळत घालत होते. आतून थापण्याचा आवाज आला. सासूबाई तर पुढच्या दारात भाजी निवडत होत्या. मी ओल्या हातांनी आत गेले. हे मांडी घालून बसले होते आणि भाकरी थापत होते. मुठीनं भाकरी थापता येत नाही. तळवा सपाट लागतो, बोटं पसरावी लागतात. यांची बोटं पसरली होती. एक करंगळी तेवढी वाकडी राहिली, ती आजही तशीच आहे.

“बघतेस काय? तवा ठेव,” हे म्हणाले.

भाकरी एकीकडे जाड, एकीकडे फाटकी निघाली. सासूबाईंनी हात पुढे केला, पण मी त्यांना दिली नाही. चुलीपाशी उभी राहून, कोरडीच, मी एकटीनं सगळी खाल्ली.