पहिल्या पानावरचे अप्पा

चेन्नईत, मैलापूरच्या त्या वेबसाइट बनवणाऱ्या छोट्या कंपनीत कृष्णवेणीइतकी हट्टी पोरगी दुसरी नव्हती, आणि नव्हती तेच बरं, असं तिचे साहेब विद्याधर म्हणायचे. विद्याधर मूळचे पुण्याचे. गिऱ्हाईक काहीही बोलो, हे नंदीबैलासारखी मान डोलावणार. कृष्णवेणी तंजावरी मराठी घरातली. घरी मराठी बोलायची, पण भांडायचं म्हटलं की तिला तमिळच लागायचं.

२००४ साली टी. नगरातल्या एका रेशमी साड्यांच्या दुकानाचं काम तिच्याकडे आलं. मालक चंद्रमौळी देवमाणूस. प्रत्येक डिझाइनला "फार छान!" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं मोडून टाकायचे. हिरवा रंग काढा. अक्षरं वाढवा. आता तर कहरच झाला! पहिल्या पानावर त्यांच्या वारलेल्या वडिलांचा, अप्पांचा, हार घातलेला फोटो हवा, तोही पानभर.

"लावून टाक की!" विद्याधर वैतागले. "शुक्रवारपर्यंत होकार आला नाही, तर काम दुसरीकडे जाईल. मग डिझाइन विसर, टायपिंगला बसायचं."

डिझाइन म्हणजे तिचा जीव की प्राण. दुसरी कुणी असती तर मुकाट्याने फोटो लावून मोकळी झाली असती. ही बया ऑफिसचा लॅपटॉप काखोटीला मारून थेट मालकांच्या घरी जाऊन थडकली.

तिथे सगळा उलगडा झाला. चंद्रमौळी रोज पानाची प्रिंट काढून घरी आणत. त्यांची आई, अम्मा, तो कागद खिडकीशी नेऊन, साडी उजेडात पाहावी तसा पाहत. दुकानाच्या प्रिंटरवर हिरवा रंग शेवाळासारखा उठायचा; तो त्यांना कसा आवडावा? आणि अम्मांना नाही आवडलं, तर चंद्रमौळींची हो म्हणायची काय बिशाद!

लॅपटॉपवर रंग पाहून अम्मा खूश झाल्या. "अय्यो, हा तर छान पोपटी आहे!" फोटोवर मात्र अडून बसल्या. "दुकान ह्यांनी उभं केलं. पहिल्या पानावर हेच."

कृष्णवेणीला कळत होतं, हो म्हटलं की डिझाइनचं काम वाचत होतं तिचं. नुसती मान डोलवायची. पण तिने विचारलं, "अम्मा, दुकानात अप्पांचा फोटो कुठे आहे?"

"गल्ल्याच्या वर."

"दारात का नाही लावला?"

"दारात? दारात साडी दिसली पाहिजे. हे स्वतःसुद्धा कधी दारात उभे राहिले नाहीत. म्हणायचे, येणाऱ्या बाईची नजर अडते."

बोलून गेल्या आणि अम्मा एकदम थांबल्या. चंद्रमौळी पंख्याकडे बघत राहिले. कृष्णवेणीही गप्प बसली, आणि शाबास तिची, कारण गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"गेल्यावरही ह्यांचंच चालणार तर," अम्मा शेवटी हसून म्हणाल्या. "बसव त्यांना गल्ल्यावर."

शुक्रवारी ती पुन्हा गेली. पहिल्या पानावर पोपटी साडी उलगडली होती. अप्पा शेवटच्या पानावर होते, गिऱ्हाईक खरेदी पक्की करतं तिथे. अम्मांनी पदराने लॅपटॉपची काच हळूच पुसली, रोज सकाळी तसबीर पुसतात तशी. मग मुलाला म्हणाल्या, "उद्यापासून कागद आणू नकोस."